शरयूताई रडत नाहीत

शरयू आठल्ये यांना काकू म्हटलेलं चालत नसे. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत एक मराठी माणूस दुसऱ्याला भेटला की वयाचा अंदाज घेऊन दादा, ताई, काका, काकू यातलं काहीतरी चिकटवून मोकळा होतो. मीही त्यांच्या शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात मागच्या अंगणातून विचारलं, "काकू, कचऱ्याची गाडी कुठल्या दिवशी येते हो?" त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी. आणि काकू मी पैसे घेऊन होते. फुकट होत नाही."

मला काहीच कळलं नाही. बाई विक्षिप्त दिसते असं म्हणून मी घरात गेले. पुढे एकदा टीव्हीवर एक मारधाडीचा सिनेमा लागला होता. त्यात डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि हातभर बांगड्या अशी एक बाई दुकानाच्या दारात मटकन खाली बसली आणि छाती पिटू लागली. गोरा नायक तिला ओलांडून पुढे गेला. ती बाई म्हणजे माझी शेजारीण होती. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकत गेली, त्यात त्यांच्या नावासमोर लिहिलं होतं, 'इंडियन आंटी'. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना शरयूताई म्हणू लागले.

शरयूताई मूळच्या सांगलीच्या. तिथं हौशी रंगभूमीवर त्यांनी राणी केली, खुनी बाई केली, वकील केली, एकदा ऐनवेळी नट आजारी पडला म्हणून पुरुषाचं कामही केलं. "सांगलीत मला कुणी भारतीय बाईचं काम दिलं नाही," त्या म्हणत, "कारण तिथं सगळ्याच भारतीय होत्या. मग माणसांची कामं उरायची." लग्न करून इकडे आल्या, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं, यजमान गेले, निवृत्त झाल्या, आणि ज्या वयात आमच्याकडच्या बायका भजनी मंडळ काढतात त्या वयात या न्यू यॉर्कला ऑडिशन द्यायला जाऊ लागल्या. कामं मिळाली. नवरीची आई, दुकानदाराची बायको, टॅक्सीवाल्याची विधवा, हात बघणारी बाई, आणि दोनदा अतिरेक्याची आई. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं होतं की मागच्या वेळचाच मुलगा आहे का. कुणी हसलं नाही म्हणे.

राग त्यांच्या नाकावर होता असं मी म्हणणार नाही. नाकावरचा राग येतो आणि जातो. यांचा मुरलेला होता, जुन्या लोणच्यासारखा, आणि त्या तो रोज थोडा थोडा वाढत असत.

हल्ली ऑडिशनला जावं लागत नाही. घरीच कॅमेऱ्यासमोर प्रवेश करायचा आणि पाठवून द्यायचा. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून दुसऱ्या कुणीतरी वाचायची असतात. ती दुसरी कुणीतरी म्हणजे मी. माझ्या तळघरात आम्ही राखाडी चादर टांगली, एक दिवा लावला, आणि विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासणारी मी, नागपूरच्या सीताबर्डीत वाढलेली, शरयूताईंच्या कृपेनं गोरा पोलीस झाले, गोरा डॉक्टर झाले, एकदा तर गोरी सूनही झाले. "जरा कमी वैतागून वाच," त्या मला सांगायच्या, "तो पोलीस आहे, त्याला आपल्याइतका वैताग नसतो."

प्रवेश सुरू करण्याआधी त्यांचे प्रश्न असत. ही बाई कुठली? मी म्हणायचे, इंडियन लिहिलंय. "इंडियन म्हणजे कुठली? सकाळी काय खाऊन निघाली? इंग्रजी कुठं शिकली, शाळेत की दुकानात? नाव काय हिचं?" नाव बहुधा नसायचंच. मग त्या स्वतः ठेवायच्या. अतिरेक्याच्या आईचं नाव त्यांनी सुमती ठेवलं होतं आणि तिला गुडघेदुखी दिली होती. हे सगळे प्रश्न त्या कास्टिंगवाल्यांना ईमेलनं पाठवत. उत्तर आलंच तर ठरलेलं असे: फार छान, फक्त थोडं आणखी इंडियन करा.

आणखी इंडियन म्हणजे मान हलवायची, ट आणि ड दाताखाली रगडायचे, हात जोडायचे आणि डोळे मोठे करायचे. शरयूताईंचं स्वतःचं इंग्रजी वेगळं होतं. त्यात सांगलीच्या कॉलेजचा कणा होता आणि न्यू जर्सीचा वेग होता, ते ऐकायला फार छान वाटायचं. ते मात्र कुणालाच नको होतं. एकदा न्यू यॉर्कहून परत आल्या त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "पंचविशीतला पोरगा," म्हणाल्या, "मला म्हणतो, यू डोन्ट साउंड ऑथेंटिक. मी माझ्यासारखी बोलत नाही म्हणे. मग कोण बोलतं माझ्यासारखं? तो बोलून दाखवायला लागला. मला. शिकवायला लागला गं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"शिकले. काम हवं होतं."

हे त्यांनी इतक्या जळजळीत आवाजात सांगितलं की मी चहा टाकायला उठले. सोडून का देत नाही असं मी त्यांना एकदाच विचारलं. "मी सोडलं म्हणून ती बाई छाती पिटायची थांबणार आहे का? दुसरी कुणीतरी पिटेल. मी असले तर निदान आधी भांडण तरी होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला काम करायचंय. एकदा, फक्त एकदा, माणसाचं काम."

आणि ते एकदा कुणासाठी हवं होतं, तेही मला पुढे कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल टेक्ससला ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये राहतो, तेल कंपनीत इंजिनियर आहे. तो लहान असताना शाळेच्या बसमधली पोरं त्याच्याशी टीव्हीवरच्या इंडियन माणसाच्या आवाजात बोलायची. तो चढला की मागच्या बाकावरून मान हलवत नमस्कार व्हायचा. निखिलचं इंग्रजी त्या पोरांइतकंच स्वच्छ होतं, पण त्यानं काय होतंय? एक दिवस त्यानं घरी येऊन सांगितलं की माझ्याशी ते बोलू नका. ते म्हणजे मराठी. त्याच सुमारास शाळेतल्या बाईंनीही निरोप पाठवला की मुलगा वर्गात गप्प असतो, तर घरी फक्त इंग्रजी बोला. आठल्ये नवराबायको दोघंही जन्मभर पहिल्या बाकावर बसलेले. बाईंनी सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. घर इंग्रजी झालं.

"कळतं त्याला सगळं," शरयूताई सांगायच्या, "बोलत नाही एवढंच." हे वाक्य इथल्या प्रत्येक मराठी घरात आहे. माझ्या मुलीबद्दल मीही हेच सांगते.

तर हा निखिल आईचा पहिला सिनेमा बघायला बायकोला घेऊन थिएटरात गेला होता. बाहेर येऊन त्यानं फोन केला. "आई, दॅट्स द व्हॉइस. दॅट्स द बस व्हॉइस." बसमधला आवाज आता आईच्या तोंडातून येत होता. शरयूताई त्याला समजावायला लागल्या तसा तो म्हणाला, "व्हेन यू प्ले अ पर्सन, कॉल मी. आय विल वॉच." त्यानंतर त्यानं त्यांचं एकही काम पाहिलं नाही. शरयूताईंना मुलाचा राग आला नाही. त्याचं बरोबर आहे असं त्या म्हणायच्या, आणि म्हणून बाकी सगळ्यांचा राग दुप्पट यायचा.

त्यांची एक मैत्रीण होती, लिन. ऑडिशनच्या बाहेरच्या खुर्च्यांवर बसून बसून जमलेली मैत्री. पडद्यावर एक छाती पिटणारी, दुसरी जडीबुटी देऊन कोड्यात बोलणारी चिनी म्हातारी. लिनचे आजोबा तैवानहून आलेले. ती स्वतः क्वीन्समध्ये जन्मली, तिला चिनी भाषेचं एक अक्षर येत नाही. अडखळत इंग्रजी बोलायला तिला शिकवणी लावावी लागली होती. दोघी एकमेकींना आपल्या भूमिका वाचून दाखवत आणि हसून हसून खोकत. ते हसणं मी ऐकलंय. त्यात गंमत फारशी नसायची.

एके वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळानं गणपतीतल्या प्रहसनाचं दिग्दर्शन शरयूताईंकडे दिलं. हॉलीवूडमध्ये काम केलेली बाई म्हणून आमंत्रणपत्रिकेवर त्यांचा फोटो छापला. रंगीत तालमीला त्या लिनला घेऊन आल्या, आमचं नाटक कसं असतं ते तिला बघायचं होतं. आणि पहिल्याच प्रवेशात चिनी हॉटेलचा मालक म्हणून आपला एक उत्साही कार्यकर्ता डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं ओढून, किनऱ्या आवाजात चिंगचाँग करत आला. आधीच्या तालमींत असलं काही नव्हतं. हे त्यानं घरून आणलं होतं, सगळ्यांना सरप्राइज म्हणून. सभागृह हसलं. लिन मागच्या रांगेत बसली होती, तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली.

"ती पट्टी काढ," शरयूताई म्हणाल्या.

"ताई, गंमत आहे हो," कमिटीतले एक जण म्हणाले. "चायनीज लोक थोडेच येणार आहेत बघायला?"

"आपल्यावरचे सिनेमे काढतात ना, तेही हेच म्हणतात. इंडियन लोक थोडेच येणार आहेत. काढ ती पट्टी."

"तुम्ही फारच पर्सनली घेता बुवा. तुम्ही नाही का ते ॲक्सेंट बिक्सेंट करत?"

शरयूताई लिनजवळ गेल्या, तिचा कोट तिच्या हातात दिला आणि दोघी निघून गेल्या. मंडळानं तो प्रवेश तसाच ठेवला आणि पत्रिकेवरचा फोटो बदलला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आम्ही समुद्र ओलांडून इथवर सांभाळून आणलंय. आमच्या प्रहसनांत मद्रासी अजून अय्यो म्हणतो, भय्या अजून दूध घालतो, आणि गोऱ्यांनी आपल्याला असं दाखवलं की आम्ही फेसबुकवर पानंच्या पानं लिहितो. त्या वर्षी मी मंडळाची वर्गणी भरली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल.

मग तो सिनेमा आला. रात्रपाळी करणाऱ्या एका इंडियन पोराला पेट्रोल पंपावरच्या दुकानात कुणीतरी गोळी घालतं, गोष्ट अर्थातच तपास करणाऱ्या गोऱ्या पोलिसाची. पोराची आई तिथं येते असा एक प्रवेश होता. संहितेत लिहिलं होतं की ती आपल्या भाषेत बोलते आणि कोसळते. वाक्यं लिहिलेली नव्हती. शरयूताईंनी फोन करून विचारलं, आपल्या भाषेत म्हणजे कुठल्या? उत्तर आलं, तुम्ही जी बोलता ती, काहीही बोला, भावना महत्त्वाची.

"काहीही बोला," शरयूताई मला म्हणाल्या. "यांच्या आळशीपणानं मला दार उघडून दिलंय बघ. आता मी काहीही बोलणार नाही."

त्यांनी त्या आईचं नाव पद्मा ठेवलं. ती मिरजेची, नवरा अमेरिकेत आल्यावर वारला, हातात डबा घेऊन आलीय कारण पोरगा रात्री जेवला नव्हता. भाषण त्यांनी कितीतरी वेळा लिहिलं आणि खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच:

"आधी त्याला पांघरूण घाला. थंडी सोसत नाही त्याला. आणि मला सांगा, शेवटी तो काही बोलला का? बोलला असेल. तुम्हाला कळलं नसेल, घरच्या भाषेत बोलला असेल तो. हरकत नाही. कानावर जसं पडलं तसं सांगा. मला कळेल."

माझ्या तळघरात त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी पोलिसाचं पुढचं वाक्य वाचू शकले नाही. त्या स्वतः मात्र रडल्या नव्हत्या.

सेटवर दिग्दर्शकाला रडणं हवं होतं. शरयूताई नाही म्हणाल्या. "ती रडणार आहे, पण घरी जाऊन. आत्ता तिला माहिती हवी आहे. रडली तर हे लोक तिला बाजूला बसवून पाणी देतील आणि कुणी काही सांगणार नाही." दिग्दर्शक वैतागला, मान हलवून बघा म्हणाला, छातीवर हात ठेवा म्हणाला. यांनी काहीच केलं नाही. शेवटी उशीर व्हायला लागला म्हणून त्यानं एकदा त्यांच्या मनासारखं करू दिलं. पोलिसाचं काम करणारा नट पुढचं वाक्य बोलायचंच विसरला, नुसता त्यांच्याकडे बघत राहिला, आणि नेमकं तेच सिनेमात ठेवलं.

परत आल्यावर त्यांनी निखिलला फोन लावला. मी समोर होते. "निखिल, आय प्लेड अ पर्सन," त्या म्हणाल्या. पलीकडून तो म्हणाला, "ओके आई. टेल मी व्हेन."

सिनेमा थिएटरात फारसा लागलाच नाही, सरळ घरच्या टीव्हीवर आला. माझ्या तळघरात आम्ही सगळे जमलो. लिन आली, मंडळातलेही काही जण आले, कारण हॉलीवूडमध्ये मराठी म्हटल्यावर राग लोभ विसरायची आमची तयारी असते. टीव्हीवरची खालची अक्षरं चालू होती. ती आमच्या घरांत कायम चालू असतात. त्यांचं इंग्रजी आम्हाला घाईचं वाटतं, आणि वर मिक्सर चालू असतो.

प्रवेश आला. पद्मा डबा घेऊन आली. दिग्दर्शकानं मागे व्हायोलिन घातलं होतं, पण तरी शब्द कळत होते. "आधी त्याला पांघरूण घाला," शरयूताई कोरड्या डोळ्यांनी म्हणाल्या, आणि खाली अक्षरं उमटली: परक्या भाषेत आक्रोश करते.

मागून कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. एकानं मोबाइल काढून पडद्याचा फोटोही घेतला. शरयूताई म्हणाल्या, "मागे घे." मी मागे घेतलं. परत तेच. त्या उठून पडद्याजवळ गेल्या आणि अक्षरांवर बोट ठेवलं. "मी आक्रोश कुठं केलाय?" फोटो घेणाऱ्यानं मोबाइल खिशात टाकला. "सांगा ना. तुम्हाला सगळ्यांना मराठी येतं. कुठं केलाय?"

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. निखिलचा मेसेज होता. त्यांनी वाचला आणि फोन माझ्या हातात दिला. त्यानं लिहिलं होतं, पाहिला, आणि तू परत रडलीस, आई. त्याची मुलगी शेजारी झोपली होती म्हणून त्यानं आवाज अगदी बारीक ठेवला होता आणि अर्धं लक्ष कामाच्या ईमेलमध्ये ठेवून अक्षरं वाचत सिनेमा पाहिला होता. शरयूताईंनी तिथूनच फोन लावला. "मी रडले नाही. आवाज मोठा कर आणि बघ." तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "आई, इट्स राइट देअर ऑन द स्क्रीन."

ज्या बाईनं न रडण्यासाठी दिग्दर्शकाशी भांडण केलं, तिला कुणीतरी कुठंतरी बसून चार शब्दांत रडवलं होतं, आणि तिच्या मुलानं त्या चार शब्दांवर विश्वास ठेवला होता. मला आजही हे आठवलं की हात शिवशिवतात.

पुढचे कित्येक आठवडे शरयूताई त्या अक्षरांच्या मागे लागल्या. निर्माता म्हणाला, ते आमचं काम नाही. दाखवणारी कंपनी म्हणाली, ते बाहेर दिलेलं असतं. कुणी तक्रारीचा तिकीट नंबर दिला, कुणी यंत्राशी गप्पा मारायला लावल्या. यांचा सगळा जन्म प्रयोगशाळेत चूक शोधण्यात गेलेला. त्या एकेक दार ठोठावत राहिल्या, आणि एका सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही कॉफी घेत असताना अक्षरांचं काम घेणाऱ्या कंपनीतून, पुण्याहून, फोन आला. एक मुलगी आधी इंग्रजीत बोलली, मग आडनाव वाचून अडखळली.

"मॅडम, तुम्ही मराठी का? मी रेणुका बोलतेय."

शरयूताईंनी फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. "तो प्रसंग पाहिलास तू?"

"हो ताई. म्हणजे, ती अक्षरं मीच टाकलीत."

"मी काय बोलले ते कळलं तुला?"

"कळलं ना. मी साताऱ्याची आहे."

"मग परकी भाषा कुणाची?"

ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे नियम आहे ताई. इंग्रजी नसेल तर परकी भाषा लिहायचं. त्यांनी भाषांतर दिलं नसेल तर आपण करायचं नाही."

"आणि आक्रोश?"

"ठरलेले शब्द असतात. कुणी गेलंय, आई आलीय, भाषा परकी आहे, की ते शब्द आपोआप पुढे येतात. दिवसभर तेच चालू असतं, मी फक्त ओके केलं. खरं सांगते, मी ते ऐकून थांबले होते. पण मग ओके केलं."

"तुझ्या कानांनी ऐकलंस," शरयूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "तुझ्या भाषेत ऐकलंस. आणि तुझ्याच बोटांनी ती परकी करून टाकलीस."

पलीकडून मुसमुसल्याचा आवाज आला. "रडू नकोस," शरयूताई म्हणाल्या. "आपण रडलेलं त्यांना फार आवडतं. कागद घे नाहीतर टाइप कर, मी सांगते." आणि त्यांनी एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं, स्वल्पविरामासकट. रेणुकानं परत वाचून दाखवलं. वरच्या लोकांकडे पाठवते म्हणाली, आणि तिनं पाठवलंही असणार. पोर प्रामाणिक वाटली.

दोन महिन्यांनी अक्षरं बदलली. आता तिथं येतं: हिंदीत बोलते.

मंडळातले म्हणाले, चला, निदान आक्रोश तरी गेला. दुधाची तहान ताकावर भागवायची आम्हाला इतकी सवय झालीय की कुणी ताकसुद्धा दिलं नाही तरी आम्ही ढेकर देतो. शरयूताईंनी बॅग भरली आणि शुगर लँडला निघून गेल्या. "त्याला समोर बसवून दाखवते," एवढंच मला म्हणाल्या.

पण तिथं रोज काहीतरी निघत होतं. निखिलचं ऑफिस, नातीचा क्लास, हायवेवर तासनतास ड्रायव्हिंग. मी ऑगस्टमध्ये कामासाठी ह्यूस्टनला गेले तेव्हा त्यांना भेटायला गेले. गाडीपासून दारापर्यंत चालले तेवढ्यात ब्लाउज अंगाला चिकटला, इतका दमट उकाडा होता. आत एसीचा गारठा. शरयूताई बारीक झाल्या होत्या. "बरी आलीस," म्हणाल्या. "आज तो घरी आहे. साक्षीदार म्हणून बस."

निखिल उंच, मवाळ, आईच्याच चेहऱ्याचा माणूस. मला हाय मावशी म्हणाला, पाणी आणून दिलं आणि आईनं दाखवलेल्या जागी बसला. शरयूताईंनी अक्षरं बंद केली, आवाज मोठा केला आणि तो प्रवेश लावला. या वेळी त्यानं फोन उलटा ठेवला होता. पद्मा आली, बोलली, पोलीस बघत राहिला. निखिल पुढे वाकून बघत होता.

"यू डिडन्ट क्राय," तो म्हणाला.

"नाही."

"दॅट वॉज अ पर्सन, आई." शरयूताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका सैल झालेला पाहिला नव्हता. मला वाटलं, जिंकल्या. मी उठायला लागले.

मग त्यानं विचारलं, "व्हॉट डिड यू से?"

शरयूताईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आय गॉट थंडी," निखिल म्हणाला. तो खरंच प्रयत्न करत होता, परीक्षेतल्या मुलासारखा. "अँड सांगा. सांगा इज टेल, राइट? द रेस्ट वॉज टू फास्ट."

कास्टिंगवाले, दिग्दर्शक, आमचं मंडळ, ती पुण्याची पोर, सगळ्यांना त्यांनी फैलावर घेतलं होतं. इथं कुणाला घेणार? बसमधली ती पोरं आता कुठंतरी सुखानं नोकऱ्या करत असतील, त्यांना आठवतही नसेल. शाळेतल्या त्या बाईही निवृत्त होऊन फुलझाडं लावत असतील. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती आणि समोर रागवायला एक चांगला मुलगा होता, ज्याला आई काय म्हणाली ते जाणून घ्यायचं होतं.

शरयूताईंनी रिमोट घेतला. प्रवेश पहिल्यापासून लावला. मग अंगठ्यानं आवाज कमी करत करत पार बंद केला. पडद्यावर त्यांचे ओठ हलू लागले तशा त्या सोफ्यावरून इंग्रजीत बोलू लागल्या, आजवर एकाही सिनेमावाल्यानं न घेतलेल्या त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीत, ओठांशी जुळवून, एकही वाक्य न चुकता. आवाज रागानं थरथरत होता. निखिल त्यांच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होता आणि आता त्याला सगळं कळत होतं.